फ्रेमबाहेर आलेली बैलजोडी स्टिकरसारखी का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बैलगाडा शर्यतीतल्या खिल्लार जोडीचा फोटो आहे, जोडी कॅमेऱ्याच्या दिशेनं धावतेय. फोटोभोवती पांढरी चौकट काढून बैल त्या चौकटीतून बाहेर झेपावतायत असं दाखवायचं आहे आणि त्याचा १२ बाय ८ फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. बैल कापले, चौकटीच्या वरच्या लेअरवर (थरावर) ठेवले, ड्रॉप शॅडो दिली, तरी ते स्टिकर चिकटवल्यासारखे दिसतात. कटिंगसाठी याहून चांगलं टूल कोणतं, असं तुम्ही विचारलं आहे.

तुमच्या नमुन्यातलं कटिंग ठीक आहे. शिंगांची कड स्वच्छ आहे, पायही नीट कापलेत. याहून महागडं टूल आणलं तरी हेच दिसेल. अडचण अशी आहे की चौकट जमिनीवर नेमकी कुठं उभी आहे, हे चित्रात ठरलेलंच नाही. बैलाचा कोणता भाग तिच्या पुढे, कोणता मागे, हे त्यामुळं सांगता येत नाही. आणि जी सावली दिली आहे ती उलटंच सांगते.

आधी सावलीचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनं केलं आहे. ड्रॉप शॅडो म्हणजे त्याच आकाराची काळी प्रत, जरा सरकवलेली आणि जरा धूसर केलेली. खऱ्या जगात अशी सावली पडते ती सपाट वस्तू सपाट पृष्ठभागाला समांतर आणि किंचित वर असते तेव्हा, उदाहरणार्थ भिंतीपासून बोटभर सुटलेला कागद. म्हणजे ती सावली देऊन तुम्ही बघणाऱ्याला स्वतःच सांगितलंत की हा बैल म्हणजे कागद आहे. डोळा ते निमूट मानतो. बैल जमिनीवर उभा असतो, त्याची सावली खुरापाशी सुरू होऊन जमिनीवर आडवी पडायला हवी. पाठीमागे, हवेत, बैलाच्याच आकाराची सावली कुठून येणार?

सपाट चित्रात खोली जाणवण्याची कारणं बरीच आहेत: लांबच्या वस्तू लहान दिसणं, रेषा एकत्र येत जाणं, लांबचं फिकट आणि धूसर होणं. पण या सगळ्यांत जबरदस्त म्हणजे एका वस्तूनं दुसरीला झाकणं. झाकणारी वस्तू पुढे, झाकली गेलेली मागे, यात डोळा वाद घालत नाही. त्याच्या खालोखाल महत्त्वाचा जमिनीशी झालेला स्पर्श. स्पॅनिश चित्रकार पेरे बोरेल देल कासो यांनी १८७४ साली रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात एक मुलगा चौकटीतून बाहेर पडताना दिसतो. चौकटही रंगवलेलीच आहे. मुलाचे दोन्ही हात चौकटीच्या कडा पकडून आहेत आणि एक पाय खालच्या पट्टीवर टेकला आहे. सगळी जादू या तीन स्पर्शांत आहे. तुमच्या चित्रातही आपल्याला अशाच जागा हुडकायच्या आहेत.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण हा परिणाम प्रत्येक फोटोवर येत नाही. फोटो जवळून, वाइड लेन्सनं घेतलेला असेल, म्हणजे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ ते ३५ मिमी, तर पुढचं डोकं मोठं आणि मागचा भाग झपाट्यानं लहान होत गेलेला दिसतो. असा फोटो अर्धं काम स्वतःच करतो. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेराही साधारण याच रुंदीचा असतो. शर्यतीत मात्र सुरक्षेसाठी लांबून, २०० मिमी किंवा त्याहून मोठ्या लेन्सनं फोटो घेतात आणि तेच बरोबर आहे. धावत्या जोडीसमोर वाइड लेन्स घेऊन कुणी उभं राहू नये. अशा लांबून घेतलेल्या फोटोत बैल चपटे दिसतात, पुढचा पाय आणि मागचा पाय यांच्या आकारात फारसा फरक नसतो. परिणाम तरीही मिळतो, फक्त तो सगळा झाकण्यावर आणि सावलीवर उभा करावा लागतो. तुमचा फोटो या दुसऱ्या प्रकारचा दिसतो.

दुसरी अट अशी की पुढच्या बैलाचे खूर आणि त्यांच्याखालची जमीन फोटोत पूर्ण हवी. खूर कापले गेले असतील तर तो फोटो यासाठी वापरू नका. तिसरी अट, बैलांभोवती फोटोत मोकळी जागा हवी, कारण चौकट फोटोपेक्षा लहान असणार आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फोटोत चौकटीची खिडकी साधारण ३८०० बाय २६०० धरा. तिच्याबाहेरचा फोटो लपवायचा आणि बैलांचा पुढे आलेला भाग तेवढा दिसू द्यायचा. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडचा फोटो टाळा. त्यात शिंगांच्या आणि कानांच्या कडा सॉफ्टवेअरनं बऱ्याचदा खाल्लेल्या असतात.

आता मूळ मुद्दा: चौकट कुठं उभी करायची. चौकट जमिनीवर उभी आहे असं मानलं, तर तिच्या खालच्या पट्टीची चित्रातली उंची हीच तिची जागा. फोटोत जमीन वरच्या बाजूला लांब आणि खालच्या बाजूला जवळ असते. म्हणून जो खूर जमिनीवर खालच्या पट्टीच्या रेषेखाली टेकतो तो चौकटीच्या पुढे, आणि जो रेषेच्या वर टेकतो तो चौकटीच्या मागे. एवढा एक नियम पक्का धरलात की बाकीची उत्तरं त्यातून निघतात. पुढचे दोन पाय रेषेखाली आहेत, म्हणजे पाय, छाती, मान, डोकं चौकटीच्या पुढे. ते पट्टीला झाकतील. मागचे पाय रेषेच्या वर आहेत, म्हणजे मागचा भाग, शेपूट, गाडा चौकटीच्या मागे. पट्टी त्यांना झाकेल.

तुमच्या नमुन्यात नेमकं इथं बिनसलंय. पुढच्या बैलाचं शिंग वरच्या पट्टीवरून बाहेर आलंय ते बरोबर आहे, कारण डोकं पुढे आहे. पण मागच्या बैलाचं वशिंडही तुम्ही वरच्या पट्टीवरून बाहेर काढलंय आणि त्याचे चारही खूर रेषेच्या वर आहेत. तो पूर्ण बैल चौकटीच्या मागे उभा आहे, मग त्याचं वशिंड पट्टीच्या पुढे येईलच कसं? बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे पहिल्या नजरेत कळतं. ते वशिंड पट्टीखाली कापून टाका. जास्त भाग बाहेर काढला की परिणाम वाढतो, ही समजूत चुकीची आहे. एखादी गोष्ट पट्टीनं ठामपणे कापलेली असेल, तरच शेजारची बाहेर आलेली गोष्ट बाहेर आलेली वाटते.

धावत्या बैलाचे सगळे खूर जमिनीवर नसतात, म्हणून जरा सावध राहा. हवेतला खूर चित्रात वर दिसतो, पण त्याची जमिनीवरची जागा खाली असू शकते. त्याची मूळ फोटोतली सावली शोधा. दुपारचं ऊन असेल तर सावली जवळपास खुराच्या खालीच असते. तीच त्याची खरी जागा धरा. आणि पट्टीची रेषा ठरवताना ती दोन्ही पुढच्या खुरांच्या जमिनीवरच्या जागांच्या वर, पण मागच्या खुरांच्या खाली येईल अशी बघा. मधे कुठंतरी अडकली तर एकाच बैलाचा एक पुढचा पाय आत आणि एक बाहेर राहतो. तेही चालतं, पण मग मान आणि छाती कुठं वळतेय ते फार काटेकोरपणे ठरवावं लागतं.

चौकट जरा वळलेली, एक बाजू जवळ आणि एक लांब, अशी दाखवायची हौस सगळ्यांना असते. सपाट मैदानावरच्या फोटोत ती दाखवता येते, पण मग वरची आणि खालची पट्टी पुढे वाढवल्यावर फोटोच्या क्षितिजरेषेवर एकाच बिंदूत मिळायला हवी. क्षितिजरेषा शोधायची सोपी युक्ती: फोटोग्राफर उभा असेल तर त्याच्याच उंचीच्या, सपाट जमिनीवर उभ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, सगळी त्याच रेषेवर येतात. बसून घेतलेल्या फोटोत ही रेषा उभ्या माणसांच्या मांड्या-कमरेच्या आसपास जाते. चढणीच्या घाटातला, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवरचा, फोटो असेल तर चौकट वळवूच नका, समोरासमोर साधा आयत ठेवा. चढण, वळण आणि क्षितिज यांचा मेळ घालण्यात दिवस जातो आणि फ्लेक्सवर त्याचा काही फायदा दिसत नाही. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: चौकटीसोबत आतला फोटो तिरपा करणं. चौकट ही खिडकी आहे. खिडकी तिरपी असली तरी पलीकडचं दृश्य तिरपं होत नाही. आतला फोटो ओढलात की आतला बैल आणि बाहेरचा बैल जुळणार नाहीत.

चौकटीचा रंग बदला. खिल्लार पांढरा, त्याच्यामागे पांढरी पट्टी, त्याच्यामागे पांढरी पार्श्वभूमी, मग कड दिसणार कशी? उजळ अंगाचा भाग ०–२५५ च्या मापात (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) २३५–२४५ च्या आसपास असतो. पट्टी काळी केली तर बैल उठून दिसेल, पण पट्टीवर पडणारी बैलाची सावली हरवेल, आणि ती सावली आपल्याला हवी आहे. म्हणून पट्टी मधल्या छटेची, १२० ते १४०, लाकडाच्या किंवा मातकट रंगाची ठेवा. चौकटीबाहेर, बैलाच्या खाली-मागे जी नवी जमीन आपण देणार ती १७० ते १९०, कडेकडे जाताना २१० पर्यंत उजळत नेली तरी चालेल. जमिनीचा रंग अगदी कोरा करडा नको. मूळ फोटोत बैलाच्या पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला मातीवरून उसळलेला तांबूस प्रकाश असतो. खाली करडी जमीन आणि पोटावर तांबूस उजेड हे विजोड दिसतं. मातीचा रंग ड्रॉपरनं उचला, त्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) १०–१५ टक्क्यांवर आणा आणि तो जमिनीला द्या.

पट्टीची रुंदी खिडकीच्या रुंदीच्या दोन-अडीच टक्के, म्हणजे ३८०० ला ८० ते ९५ पिक्सेल. तिला जाडी द्या. बघणाऱ्याची नजर वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मधे आहे, म्हणून खालच्या पट्टीचा वरचा पृष्ठभाग आणि वरच्या पट्टीचा खालचा पृष्ठभाग आतल्या कडेला जरासा दिसतो. आतल्या कडेनं २०–२५ पिक्सेलची रेघ पुरते. खालची रेघ उजळ, कारण तिच्यावर ऊन पडतं, वरची गडद. बेव्हल इफेक्टनं हे करू नका, तो चारी बाजूंना एकाच कोनातला प्लास्टिकचा उंचवटा देतो.

लेअर खालून वर असे लावा. सगळ्यात खाली जमीन. त्यावर चौकटीची आणि बैलांची जमिनीवरची सावली. त्यावर मूळ फोटो, खिडकीच्या आकाराच्या मास्कसह (मास्क म्हणजे लेअरचा कोणता भाग दिसेल आणि कोणता लपेल हे ठरवणारा पडदा). त्यावर चौकटीच्या पट्ट्या. पट्ट्यांना क्लिप केलेली, म्हणजे पट्ट्यांपुरतीच दिसणारी, सावली. त्यावर बैलाची प्रत, आपल्या मास्कसह. सगळ्यात वर धूळ. बैलाची प्रत फोटोशॉपमध्ये कंट्रोल-जे दाबून काढा आणि एक पिक्सेलही हलवू नका. तुमच्या नमुन्यात बाहेरचा बैल आतल्यापेक्षा मोठा केला आहे. त्यामुळं पट्टीपाशी त्याची पाठ तुटली आहे आणि खुरांची जमिनीवरची जागाही बदलली आहे. आकार वाढवून बैल जवळ आणता येत नाही. तो आपल्या जागेवर राहूनच चौकटीपुढे येतो. गिंप किंवा फोटोपी वापरत असाल तरी क्रम हाच, फक्त मेनूतली नावं थोडी वेगळी.

कापायला शिंगं, पाय, पाठ यांसाठी पेन टूल. सिलेक्ट सब्जेक्टनं सुरुवात करायला हरकत नाही, पण शिंगाचं टोक आणि दोन पायांमधली फट ते हमखास चुकवतं. कासरा आणि जू विसरू नका. बैल बाहेर आला आणि कासरा पट्टीपाशी तुटला, असं पुष्कळ फ्लेक्सवर दिसतं. मानेवरचे आणि शेपटीच्या गोंड्याचे केस रिफाइन एज ब्रशनं. मागच्या गर्दीचा रंग पांढऱ्या कडेवर राहिला असेल तर कड १०–१५ टक्के आत सरकवा आणि डीकंटॅमिनेट कलर्स लावा. हा पर्याय कडेचे मूळ रंग बदलून टाकतो, म्हणून आधीची प्रत जपून ठेवा.

कड किती मऊ असावी हे एका आकड्यात सांगता येत नाही, आणि सगळीकडे सारखा फेदर (कडेचा मऊपणा) देणं हे स्टिकरपणाचं दुसरं मोठं कारण आहे. फोटो १०० टक्क्यांवर बघा. डोक्यावर फोकस असेल तर शिंगाची कड एक-दोन पिक्सेलमध्ये संपते. तिथं मास्कची कडही तेवढीच, फेदर ०.५. पण झेपावणारा खूर वेगामुळं हललेला असतो, त्याची कड सहा-आठ पिक्सेल पसरते, तीही वेगाच्या दिशेनंच. तिथं धारदार मास्क लावला की खूर कात्रीनं कापलेला दिसतो. मास्कवर क्लिक करून फक्त त्या भागाला ३–४ पिक्सेलचा ब्लर द्या किंवा मऊ ब्रशनं कड रंगवा. मागे कानाकडे, वशिंडाकडे फोकस सुटत गेला असेल तर तिथंही कड त्याच प्रमाणात मऊ.

आता सावली. हिला वेळ द्या. तुमच्या फोटोत कडक ऊन आहे. बहुतेकजण अशा फोटोलाही सगळीकडे ४०–५० पिक्सेल ब्लरची ढगाळ सावली देतात आणि मग बैल एका उजेडात, सावली दुसऱ्याच उजेडात अशी स्थिती होते. सूर्याची थाळी आपल्याला साधारण अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळं सावलीच्या कडेचा मऊ पट्टा हा वस्तू आणि सावली यांच्यातल्या अंतराच्या साधारण एकशेदहाव्या हिश्श्याएवढा असतो. पाच फुटांवरच्या शिंगाची सावली डोक्यावरच्या उन्हात जमिनीवर पडली तर तिची कड अर्धा इंच मऊ, खुरापाशी मात्र जवळपास धारदार. समजा तुमच्या फोटोत साडेचार फुटांचा बैल १८०० पिक्सेल उंच आहे. म्हणजे इंचाला ३३ पिक्सेल, अर्ध्या इंचाला सोळा-सतरा. गॉशियन ब्लरचा (धूसर करणाऱ्या फिल्टरचा) आकडा त्या पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा धरा, म्हणजे शिंगाच्या सावलीला ५–६ आणि खुरापाशी १. ऊन तिरपं असेल तर अंतर वाढतं, म्हणून आकडे थोडे वाढवा.

हे करायचे दोन मार्ग आहेत. जमीन एकसारखी असेल तर मूळ सावलीच उचला. खुरांच्या आसपासचा जमिनीचा तुकडा नव्या लेअरवर घ्या, रंग काढून टाका, लेअरचा मोड मल्टिप्लाय (यात पांढरं दिसत नाही, गडद तेवढं उमटतं) करा आणि लेव्हल्समध्ये पांढरी खूण डावीकडे आणत जा. माती पांढरी होऊन नाहीशी होते, सावली तेवढी उरते. खडे किंवा पावलांचे ठसे राहिले तर मास्कनं पुसा. खरी सावली ती खरीच; खुराच्या कडेशी तिचा जो मेळ असतो तो हातानं काढून येत नाही.

जमीन उंचसखल असेल तर सावली तयार करा. बैलाच्या मास्कचं सिलेक्शन घेऊन गडद रंगानं भरा. निव्वळ काळा नको, फोटोतल्या सगळ्यात गडद सावलीचा रंग उचला. मग ट्रान्सफॉर्ममधल्या डिस्टॉर्टनं ती आडवी पाडा, दिशा आतल्या फोटोतल्या सावल्यांचीच. आतल्या सावल्या डावीकडे आणि बाहेरची उजवीकडे, ही चूक लांबूनही दिसते. एकाच सावलीच्या दोन प्रती करा, एक ब्लर १ ची आणि एक ६ ची, आणि ग्रेडियंट मास्कनं खुरापाशी पहिली, लांब दुसरी अशी मिसळा. ओपॅसिटी (लेअर किती ठळक दिसेल ते) उन्हात ५५–६५ टक्के. पाडलेली सावली खुरांशी बरोबर जुळत नाही. प्रत्येक पायासाठी पपेट वॉर्पनं किंवा वेगळ्या तुकड्यानं जुळवावी लागते. मग टेकलेल्या प्रत्येक खुराखाली वेगळ्या लेअरवर अगदी अरुंद, गडद रेघ द्या: ओपॅसिटी ७५–८०, ब्लर १–२. ही रेघ नसेल तर बैल तरंगतो. हवेतल्या खुराला ती अजिबात द्यायची नाही. त्याची सावली खुरापासून सुटलेली, जमिनीवर वेगळी पडलेली हवी. हे एक अंतर नीट दाखवलं की झेप खरी वाटते.

त्यानंतर पट्टीवरची सावली. पाय किंवा छाती पट्टीसमोरून जाते तिथं बैलाची सावली पट्टीवरही पडणार. नवा लेअर पट्टीला कंट्रोल-ऑल्ट-जीनं क्लिप करा म्हणजे सावली पट्टीबाहेर सांडत नाही. मुद्दा असा की ही सावली जमिनीवरून येते, पट्टीच्या पायथ्याशी मोडते आणि पट्टीवर उभी चढते. तो मोड नक्की दाखवा. जमिनीवरची सावली तशीच सरळ पट्टीवरून पुढे गेली तर पट्टी जमिनीवर रंगवलेल्या रेघेसारखी दिसते आणि चौकट उभी राहतच नाही. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तेव्हाच सावली पट्टीकडे जाते. सूर्य बैलांच्या मागे असेल तर सावली तुमच्याकडे येते. मग पट्टीवर बैलाची सावली नको, उलट चौकटीची स्वतःची सावली जमिनीवर पुढे येईल आणि ती बैलाच्या पायांवर जरा चढेल.

धूळ कापायच्या भानगडीत पडू नका. ती अर्धपारदर्शक असते, तिच्यातून मागची गर्दी दिसते आणि ती गर्दीही कापलेल्या तुकड्यासोबत येते. मऊ ब्रश घ्या, ३०० पिक्सेल, फ्लो ५ ते ८ टक्के. धुळीचा रंग फोटोतून उचला आणि खालच्या पट्टीच्या मधल्या भागावर, मागच्या पायांपुढे, हलक्या हातानं थर चढवा. पट्टीचा थोडा भाग धुळीत हरवला की आत-बाहेरची हवा एक वाटते. पण पुढच्या खुरांपाशी धूळ टाकून सावलीची कामचुकारी लपवू नका. तो स्पर्शच झाकला तर एवढी मेहनत वाया गेली.

चौकटीतला फोटो जरा मागे ढकलायला कर्व्ह्जमध्ये काळा बिंदू ८–१० पातळ्या वर घ्या आणि सॅच्युरेशन दहा टक्के कमी करा. याचा एक तोटा होतो: बैलाच्या बाहेरच्या भागाला हा बदल नाही आणि आतल्याला आहे, म्हणून पाठीवर किंवा बरगड्यांवर एक सांधा दिसतो. बैलाच्या मास्कची आतली कड तिथं ३००–४०० पिक्सेलच्या मऊ ग्रेडियंटनं विरवून टाका. हा ग्रेडियंट फक्त खिडकीच्या आत. पट्टीवर आला तर बैलातून पट्टी दिसायला लागेल.

हल्ली एका ओळीच्या सूचनेवर असं चित्र करून देणारी ॲप्स आहेत. देखावा म्हणून ती बरी दिसतात. पण त्यात बैल नव्यानं रंगवला जातो. शिंगाची वळणं, कपाळावरची खूण, कानाचा आकार बदलतो. मालक आपला बैल शिंगावरून ओळखतो आणि गावातली चार माणसंही ओळखतात. शर्यतीच्या फ्लेक्सवर बैल तोच हवा, म्हणून या कामासाठी मी ती वापरू नका असंच सांगेन.

छपाईआधी चित्र आडवं उलटवून बघा. नजरेला सवय झालेल्या चुका उलट्या चित्रात समोर येतात. मग ते कृष्णधवल करून बघा. तिथं बैल, पट्टी आणि जमीन या तीन छटा वेगळ्या दिसल्या नाहीत तर रंगांनी काही वाचणार नाही. मोबाइलवर अंगठ्याएवढं करूनही बघा: शिंग पट्टीपुढे आहे आणि मागचा बैल पट्टीमागे आहे, एवढं त्या आकारातही कळलं पाहिजे.

फ्लेक्ससाठी पिक्सेलची फार चिंता नको. १२ फुटांवर ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला साधारण ४२ होतात. रस्त्यावरून, वीसेक फुटांवरून बघायच्या फलकाला ते पुरतं. छापखान्यानं इंचाला ७२ पिक्सेल मागितले तर सगळं काम संपल्यावर, लेअर एकत्र केलेल्या प्रतीवर आकार वाढवा. आधी वाढवलंत तर वरचे ब्लरचे सगळे आकडे त्याच पटीत बदलावे लागतील. फ्लेक्सवर फिकट छटा दाणेदार होतात किंवा उडून जातात आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. म्हणून खुराखालची रेघ आणि पट्टीवरची सावली स्क्रीनवर दिसते त्याहून पाच-दहा टक्के ठळक ठेवा. पूर्ण फलक छापण्याआधी एक बाय एक फुटाचा तुकडा खऱ्या मापात छापून मागा. तुकडा मालकाच्या नावाचा घेऊ नका. पुढचा खूर, खालची पट्टी आणि त्यांची सावली जिथं एकत्र येतात तो घ्या आणि उन्हात धरून बघा.